खेळाचे मैदान आणि श्रद्धेची कसोटी

खेळ आणि परमार्थ ह्या दोन गोष्टींची सांगड घातलेली पाहून पुष्कळ सुशिक्षितांस हसू येते. परमार्थाची जागा देवघरात, खेळाची मैदानावर, आणि मधला उंबरठा कोणी ओलांडू नये, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः आम्हां मराठी लोकांस तरी ही सांगड नवी वाटण्याचे कारण नाही. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, टिपरी अशा खेळांवर अभंगांची प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. नाथांनी फुगडीला भारुडात आणून बसविले. आणि पंढरीच्या वाटेवर वारकरी आजही हातात हात घालून फुगडी खेळतात. आमच्या तालमीत मारुती असतोच, आणि त्यास नमस्कार केल्यावाचून मल्ल लाल मातीत पाऊल टाकीत नाही. अशा मुलखातील वाचकास, अमेरिकेतील कोणी ख्रिस्ती उपदेशक बेसबॉलच्या मैदानावरचे दाखले देऊन श्रोत्यांस जीवनाचे धडे शिकवितो, हे ऐकून नवल वाटू नये.

नवल वाटावे अशी गोष्ट निराळीच आहे. संतांनी दाखला घेतला तो गावच्या खेळाचा. त्या खेळास तिकीट नव्हते, खेळाडूस पगार नव्हता, आणि हरणाऱ्याची अब्रू दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात निघत नव्हती. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे जो धंद्याचा खेळ जन्मास आला त्यात ह्या सगळ्या गोष्टी आल्या. अशा खेळातून श्रद्धेचा काही धडा निघतो काय? आणि निघत असल्यास तो विजयाचा धडा की पराभवाचा? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे इतिहासाच्या आधाराने करणार आहो. त्यासाठी प्रथम इंग्लंड-अमेरिकेकडे धावती नजर टाकून मग आपल्या सांगलीच्या एका सुपुत्राकडे वळू.

ख्रिस्ती धर्मात खेळाचा दाखला पहिल्या शतकापासून आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात धावण्याच्या शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दृष्टांत घेतला आहे. परंतु खेळ हेच चारित्र्य घडविण्याचे साधन होय, हा विचार मात्र अगदी अलीकडचा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. रग्बी येथील शाळेचे चित्र रंगविणारी टॉमस ह्यूजची ‘टॉम ब्राउन’ची कादंबरी १८५७ साली निघाली. त्याच वर्षी आपल्याकडे मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि बाबा पद्मनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. ह्यूज व चार्ल्स किंग्स्ली ह्यांच्या पठडीत तयार झालेल्या पिढीस वाटू लागले की, सुदृढ शरीर, सरळ बॅट आणि निर्मळ अंतःकरण ही एकाच झाडाची फळे होत. ह्या मताचा सर्वांत प्रामाणिक अनुयायी म्हणून सी. टी. स्टड ह्याचे नाव घ्यावे लागेल. १८८२ साली ओव्हलवर इंग्लंडचा जो प्रसिद्ध पराभव झाला त्या सामन्यात हा खेळला होता. पुढे १८८५ साली, कीर्ती ऐन भरात असता, तो क्रिकेट सोडून मिशनरी म्हणून चीनला गेला. वडिलार्जित संपत्तीही त्याने दान करून टाकली. मात्र ह्याच मताच्या पोटी एक दुसरे अपत्यही वाढले, हे विसरता कामा नये. जो खेळात जिंकतो तो अधिक चारित्र्यवान, आणि जी जात जग जिंकते ती देवाची अधिक लाडकी, असा सोयीस्कर सिद्धान्त साम्राज्याच्या काळात पुष्कळांनी त्यातून काढला.

अमेरिकेत हाच प्रवाह बेसबॉलच्या मैदानावरून वाहिला. हा खेळ आपल्या वाचकांस फारसा परिचित नाही. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. फलंदाजाने चेंडू टोलवून ह्या ठाण्यांची फेरी पुरी करावयाची, म्हणजे एक धाव होते. ह्या खेळाने दिलेला सर्वांत गाजलेला उपदेशक म्हणजे बिली संडे. त्याचा जन्म १८६२ चा. बाप अमेरिकेच्या यादवी युद्धात वारला, तेव्हा हा तान्हे मूल होता. १८८३ पासून तो शिकागोच्या धंदेवाईक संघात खेळू लागला आणि पळण्याच्या वेगासाठी नावाजला. तेथीलच एका मिशनमध्ये त्याचे मन पालटले. १८९१ साली भरघोस पगाराचा खेळ सोडून त्याने तुटपुंज्या वेतनावर यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे काम पत्करले. पुढे हजारोंच्या सभांतून तो बेसबॉलच्याच भाषेत प्रवचन करी. व्यासपीठावर धाव घेऊन, खेळाडू ठाण्यावर घसरत जातो तसा, तो घसरूनही दाखवी. त्याच्या भाषणांनी दारूबंदीच्या चळवळीस मोठे बळ आले. त्याचा त्याग खरा होता, ह्याविषयी शंका नको. पण त्याच्या उपदेशाची धाटणी जिंकणाऱ्याची होती: पाप हा प्रतिपक्ष, आणि त्यास हरविले की सामना संपला. जीवनाचा सामना इतक्या सरळपणे संपत नाही. ज्या दारूबंदीसाठी त्याने जिवाचे रान केले ती १९३३ साली त्याच्या डोळ्यांदेखत उठविली गेली.

ह्याहून खोल धडा त्याच खेळाने १९४७ साली शिकविला. अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल संघांतून काळ्या वर्णाच्या खेळाडूंस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वगळण्यात आले होते. ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाचे चालक ब्रँच रिकी हे कडवे मेथडिस्ट. आईला दिलेल्या शब्दाखातर ते स्वतः रविवारी कधी खेळले नाहीत. त्यांचा संघ रविवारी खेळे आणि त्याचे उत्पन्नही घेई, म्हणून टीकाकार त्यांस दांभिक म्हणत. ह्या गृहस्थांनी २८ ऑगस्ट १९४५ रोजी जॅकी रॉबिन्सन ह्या काळ्या तरुणास आपल्या कचेरीत बोलाविले. पुढे जे अपमान सोसावे लागतील त्यांची त्यांनी स्वतःच नक्कल करून दाखविली. त्यास शिव्या दिल्या, धमक्या दिल्या, आणि ह्या सर्वांस उलट उत्तर न देण्याचे धैर्य तुझ्यात आहे काय, असे विचारले. एका गालावर मारले असता दुसरा पुढे करावा, ही डोंगरावरच्या प्रवचनातील शिकवण त्या दोघांसही बालपणापासून ठाऊक होती. रॉबिन्सनने शब्द दिला. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला, आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याने तो शब्द पाळला.

येथे ‘ठरलेल्या मुदतीपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रॉबिन्सनचे सोसणे हे व्रत होते, लाचारी नव्हती. मुदत संपताच तो स्पष्ट बोलू लागला, आणि १९७२ साली, मृत्यूच्या वर्षी निघालेल्या आत्मचरित्रात, आपण राष्ट्रगीतास उभे राहून ते गाऊ शकत नाही, असे त्याने लिहून ठेविले. त्यावरून दिसते की सहनशीलतेने मनुष्य मोठा होतो, पण ज्या समाजाने त्यास सोसावयास लावले तो समाज केवळ तेवढ्याने निर्दोष ठरत नाही. उपदेशक मंडळी गोष्टीचा पहिला भाग सांगतात आणि दुसरा गाळतात. इतिहासकारास तशी मुभा नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईच्या क्रिकेटची रचनाच मुळी धर्मावर उभारलेली होती. प्रथम युरोपियन आणि पारशी खेळत. १९०७ साली हिंदू आल्यावर सामने तिरंगी झाले, १९१२ साली मुसलमान आल्यावर चौरंगी. ह्या व्यवस्थेत हिंदूंच्या घरातलाच अन्याय प्रथम उघडा पडला. पळवणकर बाळू हे चांभार समाजातील डावखुरे गोलंदाज आपल्या काळचे अद्वितीय. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक गडी बाद केले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. पण पुण्यात चहा मात्र त्यांस मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंस कधी लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस मिळाले.

१९३७ साली पाचवा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. ह्या पाचव्या संघाचे नाव होते ‘दि रेस्ट’, म्हणजे ‘बाकीचे’. देशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी असे जे जे चार खणांत बसेनात ते ह्या पाचव्यात घातलेले. नाव ठेवणारांच्या मनात उपहास नसेल. तथापि शब्दास स्वतःचे वजन असते. पंगत उठल्यावर जे उरते ते बाकीचे. मराठी ख्रिस्ती समाजास हे स्थान अपरिचित नव्हते. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसविले, रेव्हरंड टिळकांनी आपली सारी प्रतिभा मराठी भजनांत ओतली, तरी स्वजन त्यांस परके समजत आणि गोरे लोक त्यांस आपले म्हणत नसत. अशा समाजात ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे, एका शाळामास्तरांच्या घरी विजय सॅम्युएल हजारे ह्यांचा जन्म झाला. नावाचा पहिला शब्द मराठी, दुसरा बायबलातला, तिसरा पुन्हा मराठी. ह्या नावातच त्या समाजाचा अर्धा इतिहास आला.

हजारे मूळचे मध्यमगती गोलंदाज. ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट ह्यांच्याकडून त्यांस शिक्षण मिळाले. त्यांची उभे राहण्याची ढब चमत्कारिक होती. बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये धरून ते उभे राहत. शास्त्राप्रमाणे ती चूक. पण ग्रिमेट ह्यांनी ती मोडली नाही. गुरूची खरी पारख येथे दिसते. १९३९–४० च्या मोसमात पुण्यास महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यात भारतीयाने काढलेले ते पहिले त्रिशतक. नंतर ते बडोदे संस्थानच्या आश्रयास गेले. त्या काळी आपल्या देशात धंदेवाईक क्रिकेट असे उघड नव्हते. राजेरजवाडे गुणी खेळाडूस पदरी ठेवीत, नोकरी देत, आणि खेळ हीच त्याची चाकरी असे. अमेरिकेत तिकिटाच्या पैशाने जे केले ते येथे दरबाराने केले.

डिसेंबर १९४३ मधील पंचरंगी सामन्यांचा अंतिम सामना हे ह्या इतिहासातील सोनेरी पान होय. मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर एका बाजूस हिंदू, दुसऱ्या बाजूस बाकीचे. त्याच स्पर्धेत आधी हजाऱ्यांनी मुसलमानांविरुद्ध २४८ धावा काढून वैयक्तिक उच्चांक केला होता. अंतिम सामन्यात विजय मर्चंट ह्यांनी नाबाद २५० काढून तो मोडला, आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. बाकीच्यांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात गडी पटापट पडू लागले, तेव्हा हजाऱ्यांस त्यांचे भाऊ विवेक येऊन मिळाले. दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली. त्यांत विवेक ह्यांच्या धावा अवघ्या २१! डाव ३८७ वर संपला, त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे ह्यांच्या. शंभरातील जवळजवळ ऐंशी धावा एका बॅटीतून आल्या. आणि सामन्याचा निकाल? हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

हा निकाल वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा, कारण आमच्या विषयाचे मर्म त्यात आहे. बिली संडेच्या पद्धतीने पाहिले तर येथे उपदेशास जागाच नाही. नायक हरला आहे. परंतु त्या २१ धावांकडे पाहा. तासन्‌तास दुसऱ्या टोकास उभे राहावयाचे, स्वतःच्या नावावर काही जमा होत नाही हे ठाऊक असता चेंडू थोपवीत राहावयाचे, केवळ भावाचा डाव चालू राहावा म्हणून! इतिहासात ३०९ चा आकडा राहिला, तो ह्या २१ च्या खांद्यावर उभा आहे. मिशनच्या शाळांतून, कीर्तनांतून, घरोघरच्या ओव्यांतून जो सेवाधर्म शिकविला जातो त्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस क्रीडेच्या इतिहासात आढळत नाही.

ह्या जातीय सामन्यांस गांधीजींचा विरोध होता. खेळात धर्मावरून तट पाडणे त्यांस पसंत नव्हते, आणि १९४० च्या डिसेंबरात त्यांनी आपले मत उघडपणे सांगितले. १९४६ नंतर हे सामने बंद पडले. त्यांस पर्याय कसा असू शकतो हे मार्च १९४७ मध्ये बडोद्यास दिसले. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद ह्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमद ह्यांच्या ३१९. सांगलीचा ख्रिस्ती, लाहोरकडचा मुसलमान, संस्थान मराठ्यांचे! हा जागतिक विक्रम २००६ सालापर्यंत अबाधित होता. पाचच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली त्या देशाकडून एक कसोटी सामना खेळले. भागी विक्रमाच्या वहीत राहिली, भागीदार सीमेच्या दोन बाजूंस गेले.

त्यानंतर अॅडलेड. जानेवारी १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. ब्रॅडमनने २०१ काढल्या. त्याचा त्रिफळा उडविला तो हजाऱ्यांनीच. मग पहिल्या डावात ११६, फॉलो-ऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात लिंडवॉलच्या तोफखान्यापुढे १४५. एकाच कसोटीत दोन्ही डावांत शतक झळकविणारे ते पहिले भारतीय. आणि निकाल पुन्हा तोच: एक डाव आणि १६ धावांनी पराभव. हा सामना २८ जानेवारीस संपला. तिसऱ्याच दिवशी दिल्लीस महात्माजींचा खून झाला. आणि त्याच ३० जानेवारीस, आम्ही राहतो त्या उमरी गावी, निजामी सत्तेविरुद्ध लढणाऱ्या मराठवाड्यातील सैनिकांनी बँकेवर छापा घालून लढ्यासाठी द्रव्य नेले. ह्या तीन गोष्टी एका आठवड्यातल्या आहेत हे ध्यानात आले म्हणजे खेळाचे खरे माप कळते. अॅडलेडची शतके उमरीच्या रस्त्यावर त्या दिवशी कोणाच्या खिजगणतीतही नसतील, आणि ते योग्यच होते. खेळ हा धर्म नव्हे, राजकारण नव्हे, मुक्तीही नव्हे. मनुष्य आत कसा आहे हे फार मोठी किंमत न देता पाहता येईल अशी ती एक जागा आहे, एवढेच.

१९५१ साली हजारे भारताचे कर्णधार झाले. ज्यास मुंबईने ‘बाकीच्यां’त घातले होते तो अख्ख्या देशाचा अग्रणी झाला; भारताच्या कसोटी संघाचा हा पहिला ख्रिस्ती नायक. त्यांच्याच नेतृत्वाखाली फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडचा एक डाव आणि ८ धावांनी पाडाव केला. १९३२ पासून वीस वर्षे आणि पंचवीस कसोट्या चालून लाभलेला हा पहिलाच विजय. त्यात विनू मंकड ह्यांनी दोन डावांत मिळून बारा गडी बाद केले. परंतु चारच महिन्यांनी लीड्सच्या मैदानावर भारताचे चार गडी शून्य धावसंख्येवर बाद झाले! असा आरंभ कसोटीच्या इतिहासात पूर्वी झाला नव्हता. पहिल्या डावात विजय मांजरेकर ह्यांच्याबरोबर २२२ धावांची भागी करणाऱ्या हजाऱ्यांनी ह्याही डावात ५६ धावा केल्या. सामना मात्र गेला. चौदा कसोट्यांच्या नेतृत्वात विजय एक, पराभव पाच, बाकी अनिर्णित. स्वतःच्या तीस कसोट्यांत २,१९२ धावा आणि सात शतके. हा झाला हिशेब.

कोणी म्हणेल, ह्या साऱ्यात ख्रिस्ती श्रद्धेचा संबंध काय? हिंदू वा पारशी खेळाडू असाच झुंजला नसता काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर सरळ आहे: झुंजला असता, आणि झुंजलेही. दुसऱ्याच्या अंतःकरणाची साक्ष आपण देऊ नये. धावांच्या राशीवरून कोणाची श्रद्धा मोजणे हा तर श्रद्धेचा आणि धावांचाही अपमान होय. आमचे म्हणणे एवढेच की, ख्रिस्ती धर्माच्या मध्यभागी एक पराभव आहे. तेथे क्रूस आहे, सिंहासन नाही. ज्या धर्माचे मुख्य चिन्हच जगाच्या दृष्टीने हार होते, त्याच्या नावाने विजयाचे ढोल वाजविणारा उपदेश त्या धर्मास शोभत नाही. श्रद्धा असेल तर यश मिळेल, असे शिकवावयाचे तर १९४३ चे ब्रेबोर्न आणि १९४८ चे अॅडलेड दोन्ही पुसून टाकावी लागतील. निकाल ठरून गेला असता आपला डाव सचोटीने खेळत राहणे, हाच धडा त्यांतून निघतो. आणि गीतेत फलाची आस न धरता कर्म करण्याचा जो उपदेश आहे, त्याच्याशी ह्या धड्याचे नाते इतके जवळचे आहे की, मराठी वाचकास तो परका वाटणार नाही.

दुसरा धडा व्यक्तीस नव्हे, समाजास आहे. रॉबिन्सन सोसत होता तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्यांनी त्याच्या सहनशीलतेची वाहवा केली. पण त्यास सोसावयास लावणारे त्यांतलेच होते. बाळूंस मातीच्या भांड्यात चहा देणाऱ्यांनीही त्यांच्या गोलंदाजीवर टाळ्या वाजविल्या असतील. गुणी माणसाच्या धैर्याची स्तुती करून आपल्या अन्यायाची बाकी चुकती होत नाही. आपल्या घरातील मुलांस हजाऱ्यांची गोष्ट सांगताना ‘बाकीचे’ ह्या शब्दाचा इतिहासही त्यांस सांगावा. म्हणजे आपण आज कोणास बाकीच्यांत ढकलीत आहो काय, हा प्रश्न त्यांस आपोआप सुचेल.

हजाऱ्यांस १९६० साली पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागून पुण्याचे चंदू बोर्डे ह्या दुसऱ्या मराठी ख्रिस्ती खेळाडूने भारताचे नाव राखले, आणि १९६७ साली अॅडलेडच्याच मैदानावर एका कसोटीत देशाचे नेतृत्वही केले. आज राज्याराज्यांच्या संघांतील एकदिवसीय सामने ‘विजय हजारे करंडक’ ह्या नावाने खेळले जातात. त्या स्पर्धेत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी असे संघ नसतात. संघ असतात महाराष्ट्र, बडोदा, कर्नाटक, हैदराबाद असे. ‘बाकीचे’ नावाचा संघ त्यात नाही. ज्याने बाकीच्यांसाठी एकट्याने ३०९ धावा केल्या, त्याचे ह्याहून उचित स्मारक आम्हांस सुचत नाही.